बादली आली, माती कुठे आहे?

कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली मनाई केली, ती कचऱ्यापायी. वर्षभराने ती उठली. आधारवाडीच्या कचराभूमीला वरचेवर लागणाऱ्या आगींचा धूर ज्यांनी सोसला, त्यांना या मनाईचे नवल वाटले नसेल. २०२१ मध्ये तेथे कचरा टाकणे बंद झाले. पण शेजारच्या शहाडमधील स्वयंपाकघरांतून भाजीची देठे, माशांचे काटे आणि उरलेला भात निघायचा थोडाच थांबतो?

हा ऐवज घरीच आंबवण्याची जपानी रीत म्हणजे बोकाशी. ओकिनावातील प्राध्यापक तेरुओ हिगा यांच्या जिवाणू-मिश्रणामुळे ती जगभर पोहोचली. घट्ट झाकणाची, तळाशी तोटी असलेली बादली घ्यायची. कचऱ्याच्या प्रत्येक थरावर जिवाणू मुरवलेला कोंडा भुरभुरायचा, दाबायचे, झाकण लावायचे. बादली भरली की दोन आठवडे उघडायची नाही. दह्याला विरजण लावणाऱ्या घराला यात नवे ते काय? राबतात ते मुख्यतः त्याच जातकुळीचे जिवाणू.

गंमत अशी, की कचराभूमीच्या पोटातही हवा नसतेच. तेथे कुजण्यातून मिथेन निघतो आणि आगीला इंधन मिळते. बादलीत मात्र आम्लता इतकी वाढते, की कुजवणाऱ्या जिवाणूंचा टिकाव लागत नाही. म्हणून वास येतो तो लोणच्यासारखा आंबूस. सडका आला, तर कुठेतरी हवा शिरली असे समजावे. गांडूळखताला न मानवणारे शिजलेले अन्न आणि मासळीही येथे चालते.

पण बादलीतून निघते ते तयार खत नव्हे. देठ देठासारखाच दिसतो. तो मातीत पुरून दोन-तीन आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर मुळांना आम्ल बाधते. तोटीतून निथळणारे पाणीसुद्धा शंभरपट पातळ करूनच झाडांना घालायचे. ही सारी उस्तवार बहुतेक घरांत कोणाच्या गळ्यात पडते, हे वेगळे सांगायला नको. शिवाय वन रूम किचनच्या ब्लॉकमध्ये माती ती किती? गॅलरीतल्या चार कुंड्यांत अशा किती बादल्या जिरणार?

घरोघरी बादली ठेवायची, तर इमारतीला सामाईक वाफा हवा. अंगणे मात्र पेव्हर ब्लॉकनी बुजलेली. कचऱ्यासाठी एकदा परवाने अडलेच होते. आता परवाना देतानाच महापालिकेने कुंपणालगत थोडी उघडी माती राखायची अट घालावी. पार्किंगची जागा नकाशावर दाखवावी लागतेच, तिच्या शेजारी हा वाफाही दाखवता येईल.