उक्त्या कामाचा न्याय बेकारांस लावूं नये

निंदणीचें काम उक्तें दिलें म्हणजे काय होतें, हें आपणांपैकीं प्रत्येकानें अनुभविलें आहे. मोकळें रान दुपारच्या आंत निंदून होतें. हराळीनें धरलेला बांधाकडचा पट्टा मात्र तसाच राहतो. उक्तें घेणारा लबाड असतोच असें नाहीं. पैसे एकरावर ठरले असतां अवघड पट्ट्यांत दिवस घालविणें त्यास परवडत नाहीं, इतकेंच. बेकारांस काम लावून देण्याचें सरकारी कर्तव्यही आतां ठेकेदारांस उक्तें देण्याकडे कल दिसतो, म्हणून हे चार शब्द.

या पद्धतीचा मोठा प्रयोग जून 2011 पासून ब्रिटनमध्यें झाला. 'वर्क प्रोग्रॅम' असें त्याचें नांव. देशाचे 18 विभाग पाडून प्रत्येक विभागांत दोन-तीन मुख्य ठेकेदार नेमले. सरकारी भत्त्यावर असलेला मनुष्य दोन वर्षें ठेकेदाराकडे सोंपविला जाई. आरंभीं नोंदणीची लहानशी रक्कम मिळे; नव्या नोंदणीसाठीं तीही 2014 सालीं बंद झाली. खरा मोबदला मनुष्य कामावर कांहीं महिने, बहुधा सहा, टिकल्यावरच. तरुण बेकारामागें तो जास्तींत जास्त सुमारें 3,800 पौंड, तर दीर्घकाळ आजारी असलेल्यामागें 13,700 पौंडांपर्यंत ठेविला होता.

फळ दिसल्यावर पैसा, हें तत्त्व वाईट नव्हे. परंतु पार्लमेंटच्या हिशेब-समितीनें 2013 सालीं दाखविलें कीं, पहिल्या 14 महिन्यांत शेंकडा 11.9 लोक कामावर टिकतील अशी अपेक्षा असतां प्रत्यक्षांत 3.6 च टिकले. पुढें आंकडे सुधारले. तथापि हराळीचा पट्टा राहिलाच. ज्यांस काम लावणें कठीण, अशांच्या दर माणशीं ठेका घेतांना योजिलेला खर्च ठेकेदारांनीं शेंकडा 54 नीं कमी केला, असें 2014 सालीं तेथील सरकारी हिशेब-तपासनिसांस आढळलें. दर साडेतीन पट असूनही असें कां व्हावें? कारण उघड आहे. मनुष्य टिकला नाहीं तर ठेकेदाराच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. तेव्हां ज्याच्या टिकण्याचा भरंवसा नाहीं त्याच्यावर खर्च कोण करील? 2017 सालीं या योजनेंत नवीन माणसें घेणें थांबलें.

आपल्याकडेही हा स्वभाव नवा नाहीं. तहसील कचेरींत रोजगार हमीच्या शाखेंत मीं बरींच वर्षें काढलीं. मातीकामाचें माप टोळीवर असे. त्यामुळें एकट्या विधवेस वा थकलेल्या म्हाताऱ्यास कोणी टोळींत घेईना. परंतु 1977 च्या कायद्यानें काम मागण्याचा हक्क त्यांस दिला होता. अर्ज आमच्या टेबलावर येई, आणि 15 दिवसांत काम किंवा बेकारीभत्ता देणें सरकारवर बंधनकारक होतें. कसूर आमच्याही हातून होई, हें मान्य केलें पाहिजे. पण त्या विधवेस जाब विचारण्यास जागा होती. ठेकेदारानें बाजूस ठेविलेल्या मनुष्यानें कोणाच्या दारीं जावें?

2014 सालीं केंद्र सरकारनें ग्रामीण तरुणांसाठीं दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवें कौशल्य योजना काढली. तींतही शिक्षण देणाऱ्या संस्थांस शेंकडा 70 तरुण कामास लावण्याची अट होती व त्याची कसोटी तीन महिन्यांची. आमच्या गांवचा एक मुलगा अशाच एका संस्थेमार्फत कारखान्यांत गेला आणि चौथ्या महिन्यांत परतला. संस्थेच्या दप्तरीं तो कामास लागलेला आहे. प्रत्यक्षांत बापाच्या दोन एकरांत तिसरा भागीदार झाला आहे.

ठेका सर्वथा नकोच, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. कोणास घेतलें व कोणास नाकारलें, याची यादी ग्रामसभेंत वाचली जावी. मोबदल्याचा मोठा हिस्सा वर्ष पुरें झाल्यावर, मुलाकडे स्वतः चौकशी करून द्यावा. आणि ठेकेदारानें सोडलेल्या प्रत्येक मनुष्याचें उत्तर सरकारनें आपल्याच शिरावर ठेवावें. आपल्या सोसायटीनें या मागण्यांचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावा, अशी सभासद बंधूंस माझी आग्रहाची विनंति आहे. राहिलेली हराळी पुढच्या सालीं सगळें रान व्यापते, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.