पत्र कोणाच्या दफ्तरात?

मराठी वाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासात पत्रांना मोठे मोल आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्या २२ खंडांचा फार मोठा भाग पत्रांनी व्यापलेला आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाल्यावर त्यांच्या कथांच्या अभ्यासकांस एक नवे साधन हाती आले. अशी पत्रे टिकली, कारण ती कोणाच्या तरी घरी, पेटीत किंवा रुमालात बांधलेली, वारसांच्या ताब्यात होती. आजच्या लेखकांचा आणि अभ्यासकांचा पत्रव्यवहार मात्र बव्हंशी ई-मेलने चालतो, आणि तो पत्र लिहिणाऱ्याच्या घरी नसून सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या संगणकावर असतो. खाते बंद पडले किंवा परवलीचा शब्द लेखकाबरोबर गेला, की सारे दफ्तर एका क्षणात दुर्गम होते. ई-मेल कोणत्या साधनाने वाचावी आणि कोठे ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच तंत्रज्ञांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकांस मोकळे होता येणार नाही.

या दृष्टीने ‘म्युट’ या कार्यक्रमाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये तो सुरू केला. १९८६ च्या ‘एल्म’ या कार्यक्रमाचे वळण त्यात स्पष्ट दिसते. त्याच्या पडद्यावर चित्रे नाहीत, जाहिराती नाहीत. पत्रांची यादी आणि पत्राचा मजकूर एवढेच असते. त्याची सारी व्यवस्था एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ओळीने लिहिलेली असते: पत्रे कोठे ठेवावी, यादी कोणत्या क्रमाने लावावी, एका विषयावरील उत्तरे एकाखाली एक कशी गुंफावी, कोणाला पत्र लिहिताना कोणती स्वाक्षरी जोडावी. ही फाईल वाचता येते, तिची नक्कल ठेवता येते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या संगणकावर नेता येते. ‘मेलडिर’ या पद्धतीत प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाईल असते. ती उघडण्यासाठी म्युटचीही गरज उरत नाही. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. म्युटमधून दूरच्या संगणकावरील पत्रे तेथल्या तेथे वाचता येतात, आणि तसे केल्यास पत्रे तेथेच राहतात. दफ्तर आपले व्हावयाचे असेल, तर ती उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावर साठवण्याची तजवीज वेगळी करावी लागते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. ही साधने इंग्रजीसाठी घडली. मराठीचे तेथे काय काम, असा तो आक्षेप आहे. त्याला इतिहासाचा आधारही आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा तिच्यातील ‘शेल’ खात्यांवर केवळ मजकूर दिसत असे आणि ‘पाईन’सारख्या कार्यक्रमांतून पत्रे लिहिली जात. त्या पडद्यावर देवनागरी नव्हती. म्हणून मराठी माणसाने मराठी रोमन लिपीत लिहिली. के-ए-एल ही तीन अक्षरे कल, कळ, काल आणि काळ या चारही शब्दांसाठी वापरली जाऊ लागली. संदर्भाने अर्थ लागतो हे खरे. पण भविष्यातील संपादकाला तो संदर्भ मिळेलच असे नाही. ती सक्ती संपल्यानंतरही सवय राहिली, ही खरी हानी होय.

सक्ती संपली हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पत्रात इंग्रजीबाहेरील लिप्या पाठविण्याची ‘माइम’ ही व्यवस्था १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि यूटीएफ-८ ही संकेतपद्धतीही त्याच वर्षी घडली. म्युट मूळ मांडणीनुसार पत्र प्रथम साध्या इंग्रजी संकेतात बसते का ते पाहतो, मग पश्चिम युरोपीय संकेतात, आणि न बसल्यास यूटीएफ-८ मध्ये पाठवितो. देवनागरी पत्र त्यामुळे वेगळा आदेश न देता बरोबर जाते. संगणकाची भाषाव्यवस्था यूटीएफ-८ची असली पाहिजे, एवढीच अट. ती नसेल तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि दोष मराठीच्या माथी मारला जातो.

अडचण उरते ती पडद्याची. मजकुराचा पडदा म्हणजे समान चौकटींची जाळी. एका चौकटीत एक रोमन अक्षर नेमके बसते. देवनागरी अक्षर असे बसत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते व्यंजनानंतर, पण दिसावी लागते त्याच्या आधी. ‘क्ष’ साठविला जातो तीन चिन्हांनी, पण दिसावा लागतो एक. काही टर्मिनल हे जोडकाम करतात, पुष्कळ करीत नाहीत. तथापि म्युटची रचनाच येथे मार्ग काढून देते. पत्र लिहिण्याचा संपादक आणि पत्र वाचण्याची खिडकी या दोन्ही गोष्टी व्यवस्थेच्या फाईलमध्ये बदलता येतात. देवनागरी नीट जोडणारा कोणताही संपादक तेथे नेमावा. तो बंद होईपर्यंत म्युट थांबून राहील, एवढे पाहावे. यादीतील विषयाच्या ओळी थोड्या वेड्यावाकड्या दिसतील, परंतु पत्राचा मजकूर शुद्ध राहील.

याहून खोल असा एक प्रश्न आहे आणि तो भाषेच्या अभ्यासकांचाच आहे. देवनागरी पत्राचा मजकूर पुष्कळदा सांकेतिक रूपात प्रवास करतो. म्युट शोध घेण्यापूर्वी तो उलगडू शकतो. ती मांडणी चालू आहे ना, हे पाहावे लागते. पण उलगडल्यावरही सारे सुटत नाही. डोंगरांमधील ‘दऱ्या’ आणि समुद्रवाचक ‘दर्या’ हा भेद मराठीचा स्वतःचा आहे. पैकी ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन रीतींनी साठविला जातो: एकीत पायमोडका ‘ऱ’ स्वतंत्र चिन्ह असतो, दुसरीत साध्या ‘र’पुढे हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधणाऱ्या यंत्राला मात्र दोन निराळे शब्द. संशोधकाला अर्धी पत्रे सापडतील आणि उरलेली नाहीतच असे तो समजेल. अशा जोड्यांची यादी करणे आणि त्यांचे एकरूपीकरण सुचविणे हे काम विद्यापीठांतील मराठी विभागांनी हाती घेतले पाहिजे. पाठभेदांची चिकित्सा ज्यांनी शिकविली, त्यांना ते अपरिचित नाही.

प्रत्येक अभ्यासकाने म्युटच वापरावा, असे म्हणणे नाही. परंतु पत्रे स्वतःच्या लिपीत, साध्या मजकुरात, स्वतःच्या दफ्तरात असावीत, एवढा आग्रह तरी धरलाच पाहिजे. राजवाडे गावोगाव हिंडले, कारण कागद कोठे तरी होते. आजच्या पत्रांच्या भावी संपादकास हिंडण्यासाठी निदान एखादे गाव शिल्लक ठेवणे, हे आजच्या पत्रलेखकाच्याच हाती आहे.