भाडेपट्टा नगर परिषदेच्या नावे करा!

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात घर मिळाले नाही. पारशी नाव सांगून ते पारशांच्या सराईत उतरले. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला आणि उत्तर येण्याआधीच, अकराव्या दिवशी, लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. कागद टेबलावर आणि माणूस रस्त्यावर! शंभर वर्षे उलटली, पण हे चित्र बदलले काय?

यवतमाळ, वणी, पुसद, कुठेही जा. नाल्याच्या काठी, पुलाच्या आडोशाला ताडपत्री टाकून राहणारी कुटुंबे दिसतील. ही माणसे कोण? गावात वीतभर जमीन नसलेले बौद्ध, मातंग, पारधी, कोलाम, भटके-विमुक्त. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. महागाव तालुक्यातील आनंदनगरात माणसे पुरात अडकली. अशा वेळी शाळांच्या खोल्या उघडतात. पण शाळा भरली की बेघरांच्या नशिबी पुन्हा तीच ताडपत्री.

रमाई आवास योजना आहे, हे खरे. पण घरकुलाला आधी जागा लागते. ज्याच्या नावे जागाच नाही, त्याने घरकुल आकाशात बांधावे काय? तोवर भाड्याने राहा, असा सल्ला मिळतो. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो आणि मग रिकामी खोली अचानक 'कालच दिली' होते. पारध्याला तर फाटकाच्या आत कोणी घेत नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. नगर परिषदेने शहरातील रिकामी घरे व खोल्या स्वतःच्या नावे भाडेपट्ट्याने घ्याव्यात आणि बेघर कुटुंबांना तात्पुरत्या निवासासाठी द्याव्यात. करारावर सही मुख्याधिकाऱ्यांची असेल, तर घरमालकाला भाडे बुडण्याची भीती नाही आणि जात विचारण्याची सोयही नाही. परिषदेच्या स्वतःच्या इमारती पडून असतील, तर त्या आधी उघडाव्यात.

ही भीक नव्हे. चमेली सिंग खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटलाही उत्तर प्रदेशातील दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचाच होता. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याचा निकष घातला. पण रात्रीच्या सामायिक दालनात संसार होत नाही. आई-बाप, लेकरांना आतून कडी लावता येईल असे दार हवे.

इंग्लंडने १९७७ च्या कायद्याने बेघर कुटुंबांची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली. त्या खासगी घरे भाड्याने घेऊन कुटुंबांना ठेवतात. पण कायम घरे पुरेशी नसल्याने २०२४ मध्ये तिथे एक लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवासातच होती. हा धडा आपण आधीच घ्यावा. प्रत्येक कुटुंबाला लेखी वाटपपत्र मिळाले पाहिजे, म्हणजे रेशनकार्ड, शाळा व मतदार यादीसाठी पत्ता होईल. पर्यायी जागा दिल्याशिवाय कोणालाही बाहेर काढू नये. आणि भाडेपट्ट्याची मुदत संपण्याआधी कुटुंबाच्या नावे कायम जागेचा पट्टा झाला पाहिजे. नाहीतर 'तात्पुरते' या शब्दाखाली आणखी एक पिढी गाडली जाईल.

कार्यकर्त्यांनो, आपापल्या शहरातील बेघर कुटुंबांची यादी करा. नगर परिषदेच्या किती इमारती व खोल्या रिकाम्या आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दोन्ही कागद जोडून मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्या, सभेत ठराव मागा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन जमिनीसाठी तुरुंगात गेले. आपल्याला निदान नगर परिषदेच्या पायऱ्या तरी चढता आल्या पाहिजेत.

जयभीम!