बरं वाटणं आणि बरं होणं

माझ्या मावशीच्या घरात, मालवणजवळच्या एका वाडीत, देवाच्या फळीशेजारी एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला आहे. त्यावर रेकीची पाच तत्त्वं आहेत. आजच्या दिवसापुरतं रागावू नये, चिंता करू नये, कृतज्ञ राहावं, आपलं काम प्रामाणिकपणे करावं, सगळ्यांशी दयेनं वागावं. यातल्या एकाही तत्त्वाशी माझं भांडण नाही. त्यांचा जो वापर झाला, त्याच्याशी आहे.

मावशीच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरकडे जायची लाज होती, भीतीही होती. ओळखीतून रेकी देणाऱ्या एक बाई भेटल्या. पहिली लेव्हल, दुसरी लेव्हल. दर लेव्हलला नवी फी, नवं सर्टिफिकेट. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून लांबूनच उपचार. गाठ काही हलेना, तेव्हा बाईंनी सांगितलं की तुमच्या मनात राग साठलाय, तो सोडल्याशिवाय ऊर्जा वाहणार नाही. मी भेटायला गेले तर मावशी म्हणाली, "राग जाणा नाय, म्हणान गाठ जाणा नाय."

असे तीन महिने गेले. मग आम्ही तिला बांबोळीला नेलं. आता केमो चालू आहे. त्या तीन महिन्यांनी नेमकं किती नुकसान झालं, याचा हिशोब मी मांडणार नाही. पण आपला आजार हा आपलाच दोष आहे असं तिला अजून वाटतं, आणि ते मला रोज दिसतं.

रेकी सुरू करणारे मिकाओ उसुई (1865–1926) जपानी होते. 1922 साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उपास करताना त्यांना ही पद्धत गवसली, असं त्यांचे अनुयायी सांगतात. पुढच्याच वर्षी टोकियो परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा ते जखमींवर उपचार करत फिरले, असं त्यांच्या स्मारकशिळेवर कोरलेलं आहे. ती पाच तत्त्वं साधकानं सकाळ-संध्याकाळ हात जोडून स्वतःला सांगायची होती. म्हणजे नियम साधना करणाऱ्यासाठी होते. आज त्यांची परीक्षा रुग्णाला द्यावी लागते, आणि नापासही तोच होतो. बाजाराची सुरुवातही जुनी आहे. रेकी हवाईत नेणाऱ्या हवायो तकाता 'मास्टर' करण्यासाठी 10,000 डॉलर घेत.

"पण बरं वाटतं ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वाटतं. कुणी तासभर शेजारी बसलं, ऊबदार हात ठेवला, तर वाटणारच. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक आपल्या भाषेलाही कळतो. चौथं तत्त्व प्रामाणिकपणाचं आहे. ते पाळायचं तर हा फरक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

हाताला ऊर्जा कळते, हा दावा तपासणंही अवघड नाही. अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीनं 'थेरप्युटिक टच' या रेकीच्या चुलतबहिणीची परीक्षा घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशातून उपचारकांनी दोन्ही हात पुढे करायचे. एमिली एका हातावर आपला हात धरणार. तो कोणत्या हातावर आहे ते त्यांनी ओळखायचं. 21 उपचारकांनी 280 वेळा प्रयत्न केले, बरोबर आले 44 टक्के. नाणं उडवलं असतं तरी बरं. हा प्रयोग 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. आमची रेकी वेगळी, असं कुणाला म्हणायचं असेल तर पुठ्ठा आणायला मी तयार आहे.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. कुणाचा आजार, कुणाची नोकरी, कुणाची कोर्टकेस. एक जण बोलतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. भार देवावर जातो. तू रागीट म्हणून देव पावला नाही, असं तिथं मी तरी ऐकलेलं नाही. अर्थात सगळंच गोमटं नाही. साप चावल्यावर मंत्र टाकत बसणारेही आपल्यातच होते. म्हणून तर दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवणं हा गुन्हा ठरला. त्या कायद्यानं गंडेदोरे ओळखले. गोड बोलणारी, 'एनर्जी' म्हणणारी, सर्टिफिकेट देणारी माणसं ओळखायचं काम आपल्यावर आहे.

रेकी बंद करा, असं मी म्हणत नाही. त्या लॅमिनेट कागदावर एक ओळ वाढवा, एवढंच म्हणते: हा उपचार नाही, ही सोबत आहे, आधी डॉक्टरकडे जा. ही ओळ लिहायला ज्यांचा हात धजत नाही, त्यांनी दयेचं तत्त्व खोडून टाकावं.

परवा मावशीला मी म्हटलं, "मावशे, राग येता तर येवंदे." ती कागदाकडे बघत राहिली. मी मात्र आजच्या दिवसापुरती रागावणार आहे. उद्याचं उद्या बघू.