प्रोग्रॅमर ओळखणारी चाचणी

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत अभियोग्यता चाचणीचा अहवाल टेबलावर येतो. मुलीला तर्काच्या रकान्यात गुण कमी दिसले की वडील म्हणतात, ‘कॉम्प्युटर हिच्या आवाक्यातला नाही.’ मुलगीही मान डोलावते, आणि विषय तिथेच मिटतो.

अशा चाचण्यांचा इतिहास मात्र फारसा भरवशाचा नाही. आयबीएमने १९५५मध्ये प्रोग्रॅमर निवडण्यासाठी एक चाचणी तयार केली. संख्यामालिका, आकृत्यांतले साम्य आणि अंकगणिती कोडी असे तिचे स्वरूप होते. पुढे असे आढळले, की तिच्यातील गुणांचा प्रशिक्षणवर्गातल्या यशाशी थोडाफार मेळ बसतो. प्रत्यक्ष नोकरीतल्या कामाशी मात्र फारच कमी.

लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातील सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी २००६मध्ये वेगळीच चाचणी पुढे आणली. ज्यांनी प्रोग्रॅमिंगचे तोंडही पाहिलेले नाही, अशा विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले : अ म्हणजे १०, ब म्हणजे २०; आता ‘अ = ब’ लिहिले, तर दोघांची किंमत काय? कोणी म्हणे दोन्ही २०, कोणी म्हणे अदलाबदल झाली, तर कोणाच्या मते ब रिकामा झाला. गंमत अशी, की बरोबर उत्तराला महत्त्व नव्हतेच! सगळ्या प्रश्नांना विद्यार्थी एकच नियम लावतो का, एवढेच पाहायचे होते. यंत्रही दिलेला नियम निमूटपणे पाळते, तेव्हा कल्पना पटण्यासारखी होती. नियम पाळणारे शिकतील, बाकीचे नाहीत, असा गाजावाजा झाला. पण २०१४मध्ये खुद्द बोर्नाट यांनी हा दावा जाहीरपणे मागे घेतला. एका नियमाला धरून राहणारे पुढे बरे करतात, एवढाच कल उरला. मुलांचे दोन गट पाडणारी रेघ काही सापडली नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने २०२०मध्ये पायथॉन शिकणाऱ्या प्रौढांचा अभ्यास केला. माणसे अवघी ३६, त्यामुळे फार ताणू नये; पण शिकण्याच्या वेगाशी आकडेमोडीपेक्षा नवी भाषा शिकण्याच्या क्षमतेचे नाते अधिक दिसले. गणितात ६० गुण मिळवणाऱ्या आणि निबंध सुरेख लिहिणाऱ्या मुलीच्या पालकांनी हे वाचून ठेवावे.

चाचणीवर पैसे खर्च करण्याआधी मुलीला सुट्टीत महिनाभर ‘स्क्रॅच’ किंवा पायथॉन शिकू द्या. दोन्ही फुकट मिळतात. प्रोग्रॅम चालला नाही, की ती चूक शोधत बसते का, एवढे लांबून पाहा. जेवायला दोनदा हाक मारावी लागली, तर रागावू नका.