शाळेच्या टीव्हीचा नारळ फुटला, बिलाचे काय?

गावच्या शाळेत टीव्ही बसवण्याचा कार्यक्रम कसा होतो, हे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. पटांगणात मंडप, सरपंचांच्या हातून नारळ, केंद्रप्रमुखांचे दोन शब्द, पोरांना खाऊ. वर्गणी देणाऱ्यांची नावे ऑइलपेंटने भिंतीवर. फोटोसह बातमी आमच्याकडे येते आणि आम्ही ती आनंदाने छापतो. पुढे दोन वर्षांनी त्याच शाळेत कोणी डोकावले, तर टीव्हीवर टॉवेल झाकलेला असतो आणि थकबाकीपायी लाइट तोडलेली असते. ही बातमी मात्र कोणी पाठवत नाही.

अशी अवस्था सगळीकडे आहे असे आमचे म्हणणे नाही. या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे नाव उलट फार मोठे आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. १० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सात कोटी रुपयांहून जास्त. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून देत असल्याचे तिथेच सांगितले. २००९ साली ते शाळेवर रुजू झाले तेव्हा इमारत पडकी होती, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली. पुढे रजेवरून आणि प्रतिनियुक्तीवरून जे वाद झाले ते वाचकांना ठाऊक आहेत. तो आजचा विषय नाही. त्यांनी नेमके केले काय, हे गावकऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

त्यांनी पाठ्यपुस्तकात चौकोनी ठिपक्यांचे कोड घातले. किराणा दुकानात पैसे भरायला आपण मोबाइल ज्याच्यासमोर धरतो, तसलाच कोड. कवितेच्या पानावर मोबाइल धरला की कविता ऐकू येते, गणिताच्या पानावर धरला की गणित सोडवून दाखवले जाते. २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड छापण्याचे ठरवले, आणि पुढच्या वर्षी केंद्रानेही आपल्या पुस्तकांसाठी तेच जाहीर केले. यातली हुशारी अशी, की शाळेने नवीन यंत्र घ्यावेच असे नाही. यंत्र बापाच्या खिशात आधीच आहे. पुस्तक पोराच्या दप्तरात आहे. दोन्हींची गाठ घालून दिली, एवढेच.

पण इथेच खरी अडचण आहे. तो ठिपक्यांचा चौकोन म्हणजे नुसता पत्ता. धडा त्यात नसतो, तो दूर कुठेतरी साठवलेला असतो आणि नेटवरून यावा लागतो. वस्तीवर रेंज नसेल तर पत्ता हातात आणि घर सापडेना, अशी गत. त्यावर उपाय आहे. शासनाच्या दीक्षा ॲपवरचे धडे आधी उतरवून ठेवता येतात. गुरुजींनी तालुक्याला गेल्यावर आठवड्याचे धडे मोबाइलमध्ये घेतले तर वर्गात रेंजची वाट पाहावी लागत नाही. आणि बापाचा मोबाइल? तो दिवसभर बापाबरोबर रानात. रात्री घरी आला की चार्जिंगला, नाहीतर थोरल्या भावाच्या हातात. थोरला भाऊ काय बघतो ते आम्ही लिहीत बसत नाही. धाकटीला रोज अर्धा तास तो मोबाइल मिळतो का, हे घरातल्या घरात ठरण्यासारखे आहे. त्याला ना ठराव लागतो ना निधी.

हा प्रश्न आजचा नाही. १९७५-७६ साली देशात उपग्रहावरून खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा वर्षभराचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे त्यात होती. आपल्या शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हेही होते. सकाळी शाळेच्या पोरांसाठी आणि संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली, मराठीतून शाळेचे कार्यक्रम तिने वर्षानुवर्षे केले, आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. १९८७ नंतरच्या खडू-फळा मोहिमेतली साहित्याची पेटीही जुन्या गुरुजींना आठवत असेल. मोडले तर भरून कोण देणार, या भीतीने ती किती ठिकाणी कपाटातच राहिली! वस्तू यायला वेळ लागत नाही. ती वापरात ठेवायला जो माणूस आणि जो पैसा लागतो, त्याची तरतूद प्रत्येक वेळी राहून जाते.

आता बिलाचा हिशोब. टीव्ही फार वीज खातो, ही समजूत चुकीची आहे. शंभर वॅटचा टीव्ही रोज दोन तास, महिन्याचे बावीस दिवस चालला तर साडेचार युनिटही होत नाहीत. शाळा बुडते ती स्थिर आकारात आणि थकबाकीवरच्या व्याजात. मे महिन्यात शाळेला कुलूप असते तरी आकार चालूच. दुसरीकडे, ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षाच्या निकषाप्रमाणे वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान. महिन्याला दोन हजारांच्या आसपास. त्यात खडू, रजिस्टरे, डागडुजी, संडासची साफसफाई आणि वीज. अनुदान उशिरा आले की मुख्याध्यापक पदरचे भरतात किंवा बिल टेबलाच्या खणात ठेवतात. दोन्ही वाईटच.

म्हणून सरपंच मंडळींना आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना आमचे सांगणे आहे की, नवा टीव्ही घेण्याआधी जुन्या मीटरची थकबाकी बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत बंधित आणि अबंधित असे दोन भाग होते. अबंधितातून शाळेसाठी काय करता येईल याचा आराखडा ज्या गावांनी केला, त्यांना ते जमले. आपल्याकडे ऊन फुकटचे आहे, छतावर दोन सोलर पॅनल बसले तर वर्गाचा खर्च भागतो. मात्र तिथेही बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. तो पैसा आज बाजूला काढला नाही, तर पॅनलवर वाळवणे पडतील. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, सदस्यांत निम्म्या महिला असतात. बैठकीत त्यांची सही घेतली जाते, पण बिलाची फाईल दाखवली जाते का?

यंत्राशिवाय काही होत नाही, असेही नाही. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सोलापुरातच नीलमनगर भागात, कामगारांच्या वस्तीत, शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या सुमारे ३०० भिंतींवर धडे रंगवले. मोबाइल नसलेली पोरे घराबाहेर येऊन भिंत वाचत होती. आम्हाला तर त्या भिंती आणि डिसले गुरुजींचे कोड एकाच जातीचे वाटतात. पोराच्या वाटेवर जे आधीच आहे, त्याच्यावर धडा नेऊन ठेवला. वर्गात टीव्ही लावून गुरुजी ऑनलाइन माहिती भरत बसले तर ती निराळी जात झाली. चित्र बघताना पोर गप्प बसते, आणि गप्प बसले म्हणजे शिकले असे सगळ्यांना वाटते. गुरुजींकडे अशैक्षणिक कामाचा ढीग आहे, हे आम्हाला मान्य आहे. तरी टीव्ही बंद करून पाच पोरांना विचारल्याशिवाय कळत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जिल्ह्यातले तीसहून जास्त साखर कारखाने पेटतात, फडावर बीडकडच्या टोळ्या येतात. त्यांच्या पोरांच्या दप्तरात तीच कोडची पुस्तके असतात. शिक्षण हमी कार्ड असेल तर जवळच्या शाळेने त्यांना बसवून घ्यायचे असते. कोपीवर लाइट नाही, आईबाप पहाटे फडात. त्या पोरांना संध्याकाळी तासभर शाळेची एक खोली आणि चालू टीव्ही मिळाला, तर त्या नारळाचा खर्च भरून निघेल.

टीव्ही बसवल्याच्या बातम्या आम्ही छापत राहूच. ज्या शाळेत तीन वर्षांपूर्वी बसवलेला टीव्ही अजून रोज चालतो, त्यांनी वीजबिलाची ताजी पावती आणि बिल कोण भरते एवढे कळवावे. त्यांची बातमी आम्ही नावानिशी, पहिली छापू.