विश्लेषण : ‘वॉर्ड’ म्हणजे नेमका कोणता? डॅशबोर्डच्या आधी डेटा मॉडेल हवे

‘तुमचा वॉर्ड कोणता?’ असे मुलुंडमध्ये विचारले, तर कुणी ‘टी’ सांगेल, कुणी नगरसेवकाच्या प्रभागाचा क्रमांक. दोन्ही उत्तरे बरोबर. पहिला महापालिकेचा प्रशासकीय विभाग, दुसरा निवडणूक प्रभाग. माणसाला हा फरक संदर्भावरून कळतो; संगणकाला तो आधी सांगून ठेवावा लागतो. खड्डे, पाणी, कचऱ्याच्या तक्रारींचे आलेख पाहून निधी कुठे द्यायचा हे ठरणार असेल, तर हा फरक महत्त्वाचा आहे.

डेटा मॉडेल म्हणजे काय?

कोणती माहिती कोणत्या तक्त्यात राहील आणि तक्ते एकमेकांना कसे जोडले जातील, याचा आराखडा म्हणजे डेटा मॉडेल. पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर यांसारखी साधने असा आराखडा मांडू देतात. त्यातली सर्वपरिचित रचना म्हणजे ‘स्टार स्कीमा’. मध्यभागी घटनांचा तक्ता, म्हणजे प्रत्येक तक्रारीची एक ओळ. भोवती तारीख, ठिकाण, तक्रारीचा प्रकार असे छोटे तक्ते.

चूक कुठे होते?

समजा, एका विभागात सहा प्रभाग आहेत आणि तक्रारीत फक्त विभागाची नोंद आहे. अशा १०० तक्रारी विभागाच्या नावावरून प्रभागांच्या यादीला जोडल्या, की प्रत्येक तक्रार सहा वेळा मोजली जाते. बेरीज ६००. आलेख मात्र तितकाच सुबक दिसतो.

दुसरी अडचण नावाची. बोरिवली आर मध्य विभागात, घाटकोपर एन विभागात. पण अंधेरी के पूर्व आणि के पश्चिम अशा दोन विभागांत विभागलेली. दोन्ही विभागांची बेरीज ‘अंधेरी’ म्हणून एका ‘मुलुंड’शेजारी ठेवली, तर ती तुलनाच चुकीची.

तिसरी अडचण काळाची. २०१२ आणि २०१७ या दोन्ही निवडणुकांत प्रभाग २२७च होते. पण २०१७च्या फेररचनेत शहर भागातले प्रभाग घटले, उपनगरांतले वाढले. पुढे संख्या २३६ करण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये ती पुन्हा २२७ झाली. त्यामुळे जुन्या आणि नव्या यादीतला एकच क्रमांक म्हणजे एकच वस्ती, असे धरता येत नाही. ठिकाणाच्या तक्त्यात प्रत्येक सीमा ‘केव्हापासून, केव्हापर्यंत’ लागू होती, ही नोंद हवीच.

मग करायचे काय?

साधन कोणते घ्यायचे यावर बैठका होतात. शब्दांचे अर्थ ठरवण्याचे काम मात्र कंत्राटदाराच्या संगणक अभियंत्यावर सोडले जाऊ नये. तो निर्णय तांत्रिक नसून प्रशासकीय आहे. विभाग, प्रभाग, तक्रार, ‘निकाली’ या शब्दांची व्याख्या अधिकाऱ्यांनी करावी. रस्ता खरोखर दुरुस्त झाला की फक्त फाइल बंद झाली, हे ‘निकाली’च्या व्याख्येतच ठरते. तक्रारीसोबत नकाशावरचा नेमका बिंदू नोंदवावा, म्हणजे उद्या सीमा बदलल्या तरी हिशेब नव्याने मांडता येईल.

यात वेळ जाईल, हा आक्षेप खरा आहे. पण चुकीच्या बेरजेवर निधी वाटला गेला, तर ज्या गल्लीत पाणी येत नाही ती गल्ली यादीत खाली जाते. म्हणून प्रत्येक सार्वजनिक डॅशबोर्डसोबत त्यातल्या शब्दांच्या व्याख्याही मराठीत जाहीर व्हाव्यात. आकडा कशाचा आहे हे कळले, तरच नागरिकाला त्यावर प्रश्न विचारता येतो.